आबांची शिंक

पूजा : …मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाची असेल. पण शेपटीचा पांढरा गोंडा बघितला न् मी ज्योतीला असा चिमटा काढला, ती थेटरात ओरडलीच. आपली म्हैस, आत्या. श्रीरामपूरच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर. मागं चोरांची जीप हॉर्न वाजवतीय, पुढं आपली म्हैस, आणि हलायचं नाव नाही.

छबूबाई : ती कुटली हलती. म्या धार काडायला गेले तरी हलत न्हाई, चोरांसाटी व्हय हलंल. तू आदी बस. फाट्यावर एस्टीतनं उतरल्यापासनं एका दमात बोलत आलेली दिसतीस. पानी पी.

पूजा : पाणी नको, ऐका. गावात शूटिंग केलं ते सगळं आलंय. आपली गल्ली दिसते, मारुतीचा पार दिसतो, दारातली तुळस दिसते. श्रीमंत भावजी सायकलवरून जातात ते तर दोनदा. एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मधल्या वेळात घरी जाऊन शर्ट बदलून आलेत. चोर तिथंच उभे राहून दरोड्याचा बेत करतायत, पण त्यांच्याकडं बघतंय कोण.

छबूबाई : श्रीमंताला लहानपनापासनं फोटोचं याड. बरं, बाया काय म्हनल्या? समद्या पोरांच्या आया सकाळपासनं शाळंपाशी वाट बघत्यात तुमची.

पूजा : ज्योतीला तिथंच धरून बसवलंय. मी कशीबशी निसटले. सगळ्यांचं एकच. रविवारी टेम्पो करून पोरांना न्यायचं का नाही ते सांग.

छबूबाई : मंग सांगायचं की. तुमा दोगींना धाडलं कशाला? पोरांच्या आदी मोट्यांनी बघून या म्हनूनच ना?

पूजा : तिथंच तर घोटाळा झालाय.

छबूबाई : कसला घोटाळा?

पूजा : जाताना शाळेच्या आरती मॅडमनी बजावून सांगितलं होतं. म्हणाल्या, पिच्चरच्या सर्टिफिकेटवर तेरा प्लस लिहिलंय. म्हणजे तेरा वर्षांच्या आतल्या पोरांना बंदी नाही, पण न्यायचं का नाही ते आईबापानं ठरवायचं. चोरांचा पिच्चर आहे, वर विनोदी आहे. तर शिव्या किती, मारामारी कसली, दारू कोण पितंय, नको तसलं काही आहे का, ते ध्यान देऊन बघा. मी मान डोलावली. आणि तिथं जाऊन काय बघितलं, तर म्हैस.

छबूबाई : शिव्या हायत का न्हाईत, येवडं तरी ध्यानात असंल.

पूजा : एक चोर पहिल्यापासून तोंड चालवत होता. पण तो बोलायला लागला की नेमकं मागं आपलं कुणीतरी दिसायचं, न् आम्ही दोघी खिदळायचो. ती शिवी होती का ओवी, देवाला माहीत. ज्योती म्हणते दोन ऐकल्या.

छबूबाई : दोन? आपल्या पोरांनी दोन शिव्या तर पानी भरायच्या रांगंत दात घासायच्या आदी ऐकल्याल्या असत्यात. त्याचं जाऊ दे. बंदूक?

पूजा : पिस्तूल आहे. सराफाच्या छातीवर धरतो. सराफ घामाघूम. तेवढ्यात त्या चोराची विडी विझते, आणि तो त्याच पिस्तुलानं ती पेटवतो. लायटर असतो तो. मग सराफच हसायला लागतो न् चोर रागावतो, मला हसता का म्हणून.

छबूबाई : ह्याला कोन भितंय. मागं उसात बिबट्याची पिलं घावली तवा शाळंला सुट्टी मिळाली, तर ही कारटी गल्लीभर नाचली. चोरी करायची कशी, ते शिकवत्यात का पन?

पूजा : शिकून काय करतील? सगळंच त्यांचं फसतं. रक्ताचा थेंब नाही. एक जण दारू पिऊन विहिरीत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण आत अडकतो. शेवटी पोलीस दोरानं बादलीसारखे वर ओढतात त्यांना. पोरांना आवडेल, आत्या. गावातली पोरं तर शिट्ट्या मारून छप्पर उडवतील.

छबूबाई : मंग घे तो मोबाईल, न् सांग त्या तुमच्या पालकांच्या गुरुपवर. रविवारी न्यायचं.

पूजा : सांगते. पण त्याच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय. संस्कृती शाळेतून यायच्या आत. सगळ्या गावाची पोरं नेऊ, पण आपल्या संस्कृतीला नाही न्यायचं.

छबूबाई : काय बोलतीस? वरीसभर पोरगी झोपंत सुद्दा पिच्चर पिच्चर करतीय. तिचा हात हाय त्यात.

पूजा : म्हणूनच.

छबूबाई : मंजी ते दिसले.

पूजा : दिसले की. काय दिसलेत मामा, आत्या. मला वाटलं होतं कुठंतरी कोपऱ्यात असतील. तर सगळा पिच्चरच त्यांच्यावर. चोर सराफाचं सोनं लुटतात, पण नाक्यानाक्यावर पोलीस. मग ते ठरवतात, तिरडी बांधायची. वर मढं झोपवायचं, खाली सोनं. अंत्ययात्रेला कोण अडवतंय.

छबूबाई : ते ठावं हाय. म्या हितंच हुते की. ज्या नटाला मड्याचं काम दिलं हुतं, त्याच्या आयनं पुण्याहून फोन केला, जित्यापनी तिरडीवर झोपायचं न्हाई म्हनून. तो गेला निघून. समदे डोक्याला हात लावून बसले. तर आमचं म्हातारं उटलं न् म्हनतंय, मी झोपतो, दुपारचं मला दुसरं काय काम असतं.

पूजा : तुम्ही भांडला होता त्यांच्याशी.

छबूबाई : भांडनार न्हाई तर काय आरती ववाळू? तर मलाच शानपन शिकवायला लागले. म्हनले, जिता मानूस मेल्याची आवई उटली की त्याचं आयुष्य वाडतं, ही तर सादी आवई न्हाई, हिचा पिच्चर निगनार हाय. आता शंबरी गाटतो का न्हाई बग. पोरीला बी तसंच सांगितलं, मांडीवर घिऊन. …धोतर कोन्तं हुतं गं अंगात?

पूजा : बारीक काठाचं. पांढरंशुभ्र.

छबूबाई : नीळ घालून धुतलं हुतं म्या. म्हनलं, मड्याचं का असंना, चारचौगांत दिसनार. मिशी?

पूजा : मिशी तशीच, टोकाला पीळ दिलेली. नाक्यावर तिरडी येते. हवालदार टोपी काढून हात जोडतो. आपले बापे खांदा देतायत, बाया मागं तोंडाला पदर लावून, पण पदराआड हसतायत ते दिसतं. आणि मग बाजूनं एक लहान हात येतो, मनगटात लाल बांगड्या. मूठ उघडते न् गुलाल थेट मामांच्या नाकावर. मामांची मिशी हलते. एकदा. परत हलते. आणि मग अशी शिंक, आत्या, अशी शिंक, की खांदेकरी तिरडी टाकून पळाले.

छबूबाई : ती खरी शिंक हुती. कुनी सांगितलं नवतं शिंकायला.

पूजा : हो ना. आणि मग मामा उठून बसतात आणि हात असा पुढं करतात. सरळ आमच्याकडं, पडद्यातून. चोरांना वाटतं म्हातारा वाटा मागतोय. तर त्यातला एक थरथरत सोन्याची पाटली काढून पुढं करतो. लोक खुर्च्या बडवायला लागले. माझ्या शेजारचा माणूस अनोळखी, तो मला म्हणतो, काय काम केलंय म्हाताऱ्यानं. मी म्हटलं, माझे सासरे आहेत. एवढा अभिमान वाटला, एवढी हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. ज्योतीनं हात धरला तेव्हा समजलं.

छबूबाई : वाटा न्हाई मागत ते.

पूजा : काय?

छबूबाई : उपरनं मागत्यात. नाक पुसायला. लगीन होऊन आले तवापासनं बगते, शिंक आली की पयला हात पुडं. डोळं मिटल्यालंच असायचं, नुस्ता हात. म्या कुटं बी असू, चुलीपाशी का गोट्यात, यायचं न् त्या हातावर उपरनं ठिवायचं. त्या दिशी मड्याच्या अंगावर उपरनं शोबत न्हाई म्हनून त्या लोकांनी काडून माज्यापाशीच दिलं हुतं. म्या त्या क्यामेऱ्याच्या मागं हुबी. माज्याकडं हात केला हुता त्यांनी.

पूजा : सगळ्या थेटरात कुणाला कळलं नाही हे.

छबूबाई : लोकांना काय करायचंय कळून. हसले ना, बास झालं.

पूजा : तुम्ही येणार ना रविवारी?

छबूबाई : न्हाई बाई. मला तिरडी येकदा बगितली तेवडी पुरं. पन पोरीला का न्हाई म्हनतीस?

पूजा : खरी तिरडी निघाली तेव्हा तिनं काय केलं, विसरला का? वैशाखात मामा गेले, सगळी भावकी दारात, आणि ही बुक्का-गुलालाच्या ताटातून गुलाल उचलून त्यांच्या तोंडावर टाकायला लागली. लंकाबाईंनी मनगट धरून ओढली तिला. किती दिवस बोलत होत्या बाया, पोरीला वळण नाही म्हणून. तेव्हापासून गुलाल बघितला की ती घरात पळते. यात्रेला पालखी दारात आली, तर ही मोरीत लपून बसली. आता तेच सगळं तिच्यापुढं धरायचं? तीच तिरडी, तेच आबा, आणि भोवती लोक हसतायत. शिव्याबिव्या मी तिला समजावीन. हे कसं समजावू? तिकिटं संपली असं सांगू तिला.

छबूबाई : ती गुलाल का टाकत हुती, ते इचारलंस कदी?

पूजा : लहान आहे. कळलं नसेल तिला.

छबूबाई : तिलाच इचार. ती बग आली.

(संस्कृती उंबऱ्यात येऊन थांबते. दप्तर पाठीवर तसंच.)

संस्कृती : मम्मी, ज्योतीकाकू शाळेपाशी सगळ्यांना सांगतेय. आपली म्हैस हिरोईन आहे म्हणे.

पूजा : ये, आत ये. दप्तर काढ. हात धू.

संस्कृती : शिंक ठेवलीय का?

पूजा : काय?

संस्कृती : आबांची शिंक. ज्योतीकाकूला विचारलं तर म्हणाली मम्मीला विचार. मला वाटलं कापली असेल.

पूजा : नाही गं. ठेवलीय. सगळी.

संस्कृती : आणि माझा हात?

पूजा : दिसतो की. लाल बांगड्या घातलेल्या तू.

संस्कृती : हातात गुलाल किती दिसतो? मूठभर का चिमूटभर?

पूजा : असं का विचारतेस?

संस्कृती : सांग ना, मम्मी.

पूजा : मूठभर. चांगली भरलेली मूठ होती.

संस्कृती : मला वाटलंच. त्या दिवशी माझ्या हातात चिमूटच होती. मी दुसरी मूठ भरत होते, तेवढ्यात लंकाआज्जीनं हात धरला. मी सांगत होते तिला, थांब, आबा शिंकणारेत. कुणी ऐकलंच नाही. मूठभर टाकला असता तर शिंकले असते ना?

पूजा : …आत्या.

छबूबाई : हिकडं ये बाय. माज्यापाशी बस. दप्तर राहू दे पाटीवर, काय बिगडत न्हाई. तुला येक सांगते, तुज्या मम्मीला बी म्हाईत न्हाई. त्या दिशी डागदर बगून गेला ना, त्याच्या मागनं म्या कापूस घेतला, वातीचा, येवडुसा. न् आबाच्या नाकाशी धरला.

संस्कृती : का?

छबूबाई : हलतोय का बगायला. मला बी वाटत हुतं, शिंकत्याल. मागल्या टायमाला नव्हते का शिंकले. लई येळ धरला. हात दुकाया लागला.

संस्कृती : हलला नाही?

छबूबाई : न्हाई. तू तर चिमूट टाकलीस. आक्कं पोतं वतलं असतं ना, तरी शिंकले नसते. लंकीनं हात धरला म्हनून काय झालं न्हाई, न् तुजी मूट कमी पडली म्हनून बी न्हाई. ते आदीच गेले हुते, बाय.

पूजा : इतके दिवस मनात ठेवलंस. मला का नाही सांगितलंस?

संस्कृती : सगळ्या रागावल्या होत्या.

पूजा : मी चुकले. मला वाटलं तुला कळत नाही.

संस्कृती : आज्जी, मग तिरडीवर झोपलं की आयुष्य वाढतं ते खोटं होतं? आबा तर शंभरी म्हणाले होते.

छबूबाई : खोटं कसं? पिच्चरवाले यायच्या आदी नगरच्या डागदरानं सांगितलं हुतं, काळीज थकलंय, थंडी निभली तर निभली. तुमा पोरांना बोललो न्हाई आमी. थंडी निभली. शिमगा निभला. आंब्याचा रस वाटीवर वाटी मागून खाल्ला, मला म्हनले, आजून वाड. वाडलं की आयुष्य. शंबरीयेवडं न्हाई वाडलं, रसापत्तर वाडलं.

संस्कृती : मला पण दिला होता त्यांच्या वाटीतला.

छबूबाई : तुला दिल्याबिगार त्यांना ग्वाड लागायचं न्हाई.

संस्कृती : मम्मी, मी येणार रविवारी.

पूजा : बाळा, थेटरात सगळे हसतात. आबा तिरडीवर आहेत न् लोक हसतात. आणि शिंकून उठून बसतात ते. मग पिच्चर संपतो. आपण घरी येतो, आणि घरी आबा नसतात. तुला कसं होईल?

संस्कृती : माहितीये मला पिच्चर खोटा असतो. शूटिंगच्या वेळी चोर आणि पोलीस आपल्या ओट्यावर एकाच ताटात भजी खात होते. तिरडीखालचं सोनं पण बेगडाचं होतं, मी हात लावून बघितलंय. सगळं खोटं होतं. आबांची शिंक तेवढी खरी होती.

पूजा : …खरी होती.

संस्कृती : मला ती बघायचीय.

छबूबाई : आता सांग हिला तिकिटं संपली म्हनून.

पूजा : नाही सांगत. माझ्या शेजारी बसायचं. आणि रडू आलं तर लगेच हात धरायचा माझा.

संस्कृती : तुला आलं तर तू माझा धर.

पूजा : बरं, गप बसा दोघी. ग्रुपवर सांगून टाकते, बाया खोळंबल्यात. …सगळ्या आयांना नमस्कार, पूजा बोलतेय. पिच्चर बघून आलो. पिस्तूल आहे पण तो लायटर आहे. मारामारी म्हणजे आपटाआपटी. दारू पिणारा विहिरीत पडतो. नको तसलं काही दिसलं नाही. शिव्या दोन-चार असतील, नक्की सांगता येत नाही, माझं लक्ष म्हशीकडं होतं, माफ करा. मोठी पोरं खुशाल आणा. बारक्यांना एकटं पुढच्या रांगेत बसवू नका, जवळ घ्या, कारण तिरडी येते तेव्हा आवाज मोठा होतो न् अंधार होतो. त्यांना आज घरीच सांगून ठेवा, की ते आपले सहादेवमामा आहेत, ते झोपलेत आणि आता शिंकणार आहेत. सांगितलंत तर भिणार नाहीत. आणि ज्यांच्या घरातलं कुणी अलीकडं गेलंय, त्यांनी आधी पोराला विचारा, त्याच्या मनात काय आहे. मी विचारलं नव्हतं. आता विचारलं. आमची संस्कृती येतेय.

संस्कृती : पाठव. मी दाबू?

पूजा : दाब. …बघ, लगेच अंगठे यायला लागले.

संस्कृती : ज्योतीकाकूचा पहिला. मम्मी, मी सांगून येते सगळ्यांना. मी येतेय ते.

पूजा : आधी दप्तर तरी… गेली. उड्या मारत गेली, आत्या. किती दिवसांनी बघतेय तिला अशी.

छबूबाई : पूजा, टेम्पोत माजी बी जागा धर.

पूजा : तुम्ही तर नको म्हणत होता.

छबूबाई : तवा म्हनले. ती माजी पेटी वड जरा पुडं. तळाला त्यांचं उपरनं हाय, धुऊन घडी करून ठिवल्यालं. ते काड.

पूजा : थेटरात उपरणं कशाला?

छबूबाई : शिंकून हात पुडं करत्याल की ते. न् म्या काय हितं घरात बसून ऱ्हाऊ?